बॉम्बे ब्लड ग्रुप: यादीत नसलेला नववा पर्याय

मंडळी, आजचा लेख जरा लांबणार आहे. शनिवार आहे, पाऊस आहे, चहा घेऊन बसा.

ब्लड ग्रुप किती असतात असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. ए, बी, एबी, ओ आणि प्रत्येकाचा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, म्हणजे एकूण आठ. शाळेच्या ओळखपत्रापासून ऑफिसच्या एचआरच्या फॉर्मपर्यंत हीच आठ जणांची यादी असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ड्रॉपडाउन टाकायचा, आठ पर्याय भरायचे, काम संपलं.

पण एक गट असा आहे की जो या आठांत बसत नाही, आणि गंमत म्हणजे जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत तो आपल्या मुंबईच्या नावाने ओळखला जातो. बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं, स्टेशनांची नावं बदलली, पण हा 'बॉम्बे' तसाच राहिला.

आज या गटाचा इतिहास सांगायचा आहे, पण त्यामागे एक हेतूही आहे. 'क्लिनिकल बायोइन्फर्मॅटिक्स' असं एक भारदस्त नाव हल्ली ऐकू येतं. सोप्या मराठीत सांगायचं तर रुग्णाच्या जनुकांचा विदा संगणकावर वाचायचा आणि त्याचा निदानाशी, उपचाराशी संबंध लावायचा. होऊ घातलेल्या डॉक्टरांना याची ओळख कशी करून द्यावी यावर बराच खल चालू असतो. माझं म्हणणं असं की त्यासाठी अमेरिकेतली उदाहरणं शोधायची गरज नाही. परळपासून सुरुवात करावी, सगळं त्यात आहे.

खुंटी आणि टोपी

आधी थोडं मागे जाऊ. १९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने माणसांच्या रक्ताचे तीन गट पाडले. हो, तीनच. चौथा, म्हणजे एबी, पुढच्या वर्षी १९०२ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांच्या कामातून ऱ्हीसस पुढे आला आणि चाराचे आठ झाले. म्हणजे ज्या यादीला आपण ब्रह्मवाक्य समजतो तीसुद्धा चाळीस वर्षांत हप्त्याहप्त्याने तयार झालेली आहे.

आता या गटांमागची यंत्रणा. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर जोडली की तयार होतो 'एच' पदार्थ. एचला भिंतीवरची खुंटी समजा. ए गटाच्या माणसाकडे या खुंटीवर एका प्रकारची टोपी अडकवणारं एन्झाइम असतं, बी वाल्याकडे दुसऱ्या प्रकारची टोपी अडकवणारं. एबी वाल्याकडे दोन्ही. ओ वाल्याकडे टोपी नाही, नुसती रिकामी खुंटी.

आणि बॉम्बे गटाच्या माणसाकडे? खुंटीच नाही!

आता लक्षात घ्या, प्रयोगशाळेत नेहमीची तपासणी टोप्या शोधते. ओ वाल्याकडे टोपी नाही, बॉम्बे वाल्याकडेही नाही. दोघांचंही उत्तर 'ओ' येतं. घोटाळा पुढे होतो. आपल्या शरीरात जे नाही त्याच्याविरुद्ध आपल्या रक्तात प्रतिपिंडे असतात. बॉम्बे गटाच्या माणसात ए आणि बी विरुद्ध तर असतातच, शिवाय एचविरुद्धही असतात. आणि ओ गटाच्या रक्तात एच सगळ्यात जास्त! म्हणजे आपण ज्याला 'सगळ्यांना चालणारं' रक्त म्हणतो, तेच या माणसाला दिलं तर त्याच्या शरीरात त्या पेशी फुटायला लागतात आणि जीव जाऊ शकतो. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे वाल्याचंच रक्त चालतं.

मग हे ओळखायचं कसं? उलट बाजूने. रुग्णाचा सीरम घ्यायचा आणि तो ओ पेशींबरोबर तपासायचा. गुठळ्या झाल्या तर कान टवकारायचे. शिवाय एच शोधणारं एक वनस्पतीजन्य द्रव्य मिळतं, त्याने खात्री करता येते. तपासणी अवघड नाही, ती करायला सुचणं महत्त्वाचं.

परळ, १९५२

हे पहिल्यांदा सुचलं ते मुंबईतल्या डॉक्टरांना. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांच्यासमोर अशी रक्तं आली की जी कुणाशीच जुळेनात. हे काम पुढे मुंबई आणि लंडन अशा दोन्हीकडे झालं. लंडनच्या बाजूला रेस आणि रूथ सँगर ही रक्तगटांच्या जगातली सगळ्यात मोठी जोडी होती, तसेच एच पदार्थाच्या रसायनाचे जाणकार मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स होते. मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन पानांचा निबंध आला, सात लेखकांचा, आणि त्यात पहिलं नाव भेंडे.

दोन पानं! आमच्याकडे एका बटणाचा रंग बदलायचा म्हटलं तरी याहून मोठं डॉक्युमेंट होतं :-)

हे परळलाच का घडलं याचंही उत्तर आहे. मुंबईत तेव्हा रक्त आणि आनुवंशिकता यांवर मन लावून काम करणारी माणसं होती. १९४९ मध्ये व. रा. खानोलकर आणि ल. द. सांघवी यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांमधल्या सात आनुवंशिक लक्षणांची आकडेवारी प्रसिद्ध केली होती. संगणक नाही, डेटाबेस नाही, पण विचार पूर्णपणे विद्याचा. कुठल्या गटात काय किती प्रमाणात आहे हे मोजलं पाहिजे, सरासरी 'भारतीय' असा माणूस नसतो, ही समज त्यांच्याकडे तेव्हाच होती. पुढे १९५७ मध्ये मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं. आज ती संस्था राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून केईएमच्याच आवारात आहे.

१९५५ मध्ये अमेरिकेत लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्वतः ओ दिसणारी बाई आपल्या मुलीला बी देऊ शकते. कारण बीचं जनुक तिच्याकडे शाबूत असतं, फक्त टोपी अडकवायला खुंटी नसते. नवऱ्याकडून मुलीला खुंटी मिळाली की टोपी दिसायला लागते. 'बॉम्बे' हे नाव रूढ झालं ते तेव्हापासून. आता विचार करा, ज्या घरात आईचा गट ओ लिहिलेला आहे आणि मुलीचा एबी आला, त्या घरात काय काय बोललं गेलं असेल. शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे हे अशक्य आहे. पुस्तकावर विश्वास ठेवून एखाद्या बाईवर संशय घेतला गेला, तर चूक कुणाची? यादीची.

१९६२ मध्ये भाटिया आणि सांघवी यांनी बॉम्बे गट आणि नात्यातली लग्नं यांचा संबंध मांडला. हे गणित आपणही करू शकतो. बॉम्बे गट साधारण दहा हजारांत एकाला असतो असं धरा (युरोपात तो दहा लाखांत एखाद्याला). तो दिसायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. दहा हजारांत एक, म्हणजे बिघडलेल्या प्रतीचं प्रमाण शंभरात एक, आणि एकच बिघडलेली प्रत बाळगून मजेत फिरणारी माणसं साधारण पन्नासांत एक. सकाळी ८-२०च्या लोकलच्या एका डब्यात अशी चार-पाच माणसं सहज चिरडून उभी असतील आणि त्यांना आयुष्यभर पत्ता लागणार नाही. पण आते-मामे भावंडांचं लग्न झालं, तर ढोबळ हिशोबाने त्यांच्या मुलांत बॉम्बे गट येण्याची शक्यता साधारण सात पट होते.

१९८८ मध्ये देशभरातल्या १७९ बॉम्बे व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातले ११२ महाराष्ट्रातले होते. महाराष्ट्रात शोधणारी माणसं जास्त होती हेही त्यामागचं एक कारण असणारच. विदा वाचताना 'हा गोळा कुणी केला आणि कुठे केला' हे विचारायचं असतं, ते असं.

अक्षर क्रमांक ७२५

इथपर्यंत सगळं परीक्षानळीत. आता संगणकाकडे वळू.

प्रथिनांची अक्षरमाला संगणकाला वाचायला देण्याचं काम मार्गारेट डेहॉफ या बाईंनी केलं. १९६५ साली त्यांनी त्या वेळी माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचा एक 'अ‍ॅटलास' पुस्तकरूपात काढला. प्रत्येक अमिनो आम्लाला एकच अक्षर द्यायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती त्यांचीच. पंचकार्डाच्या जमान्यात प्रत्येक अक्षराची किंमत होती ना! १९७० मध्ये हॉलंडमध्ये पॉलिन होखवेख आणि बेन हेस्पर यांनी 'बायोइन्फर्मॅटिक्स' हा शब्द वापरला. १९८२ मध्ये जेनबँक सुरू झाली. १९९० मध्ये ब्लास्ट आलं, म्हणजे जनुकांचं गूगल म्हणा, आणि तेही गूगलच्या आठ वर्षं आधी.

त्याच १९९० मध्ये दोन गोष्टी घडल्या. यामामोतो आणि सहकाऱ्यांनी एबीओचं जनुक वाचलं. ओ गट का होतो? नेहमीच्या ओ मध्ये २६१व्या जागचं एक अक्षर, एक 'जी', गायब आहे. बस. एक अक्षर गळलं की पुढची सगळी तीन-तीन अक्षरांची वाचणी सरकते आणि टोपी अडकवणारं एन्झाइम तयारच होत नाही. सी लँग्वेजमध्ये एक कंस विसरला की पुढच्या पन्नास ओळींवर एरर येतात, तसंच. आणि त्याच वर्षी लार्सन, लोव आणि मंडळींनी खुंटी बनवणारं जनुक वेगळं काढलं. त्याचं नाव एफयूटी-१, पत्ता १९वं गुणसूत्र.

मग भारतीय बॉम्बे व्यक्तींमध्ये नक्की काय बिघडलंय ते शोधलं गेलं. १९९७-९८ मध्ये उत्तर मिळालं. एफयूटी-१ मध्ये ७२५व्या जागी 'टी'ऐवजी 'जी' आहे. जोडीला शेजारचं एफयूटी-२ हे जनुक गळालेलं आहे, म्हणून त्यांच्या लाळेतही एच नसतो.

आता वही-पेन घ्या. तीन अक्षरांचं एक अमिनो आम्ल. ७२५ भागिले ३ म्हणजे २४१ पूर्ण आणि २ बाकी. म्हणजे हे २४२व्या अमिनो आम्लाचं मधलं अक्षर. तिथे 'सीटीजी' असायला हवं होतं, म्हणजे ल्युसीन. झालं 'सीजीजी', म्हणजे आर्जिनीन. तेलकट स्वभावाच्या आम्लाच्या जागी विद्युतभारित आम्ल येऊन बसलं आणि ३६५ आम्लांचं अख्खं एन्झाइम निकामी. परळच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये जे गुठळ्यांतून ओळखलं, त्याचं कारण हे एक अक्षर.

गोष्ट इथेच संपत नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरही एच नसलेली माणसं आहेत. त्यांच्यात एफयूटी-१ बिघडलंय खरं, पण दुसऱ्याच जागी, ३४९व्या अक्षरावर. म्हणजे उद्या कुणी फक्त ७२५वं अक्षर तपासणारं किट काढलं आणि त्यावर रियुनियनचं कुटुंब तपासलं, तर उत्तर येईल 'नॉर्मल'. उत्तर खोटं नाही, पण ते फक्त विचारलेल्या प्रश्नाचं आहे.

पुण्यात संगणक, नाशकात परीक्षा

आता जरा आपल्याकडच्या शिक्षणाचा इतिहास. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला आणि लगेच त्याने देशभर जैवमाहितीची केंद्रं उभी करायला घेतली. पुणे विद्यापीठातलं बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र १९८७चं. डॉ. अशोक कोळसकर हे त्याचे संचालक होते, पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९९० मध्ये कोळसकर आणि टोंगावकर यांनी प्रथिनाचा कुठला भाग प्रतिपिंडांच्या नजरेत भरेल याचा अंदाज बांधायची एक पद्धत मांडली. ती अजून वापरात आहे. लस संशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोळसकर-टोंगावकर' असा पर्याय दिसतो तेव्हा उगीच छाती फुगते. तिकडे सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

म्हणजे पाहा, १९५२चं परळ आहे, १९९०चं पुणे आहे. मध्ये फक्त डेक्कन क्वीनचं अंतर! तरी डॉक्टर आणि संगणक यांची गाठ का पडली नाही?

एक कारण मला असं दिसतं. बायोइन्फर्मॅटिक्स वाढलं ते विज्ञान विद्यापीठांच्या छपराखाली. तिथे येणारी मुलं बी.एस्सी., एम.एस्सी., थोडी इंजिनियरिंगची. आणि १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, तेव्हा राज्यातलं वैद्यकीय शिक्षण त्याच्याकडे गेलं. त्यामागची कारणं रास्त होती, परीक्षा आणि अभ्यासक्रम एकसारखे व्हायला हवेच होते. पण परिणाम असा की मानवी जनुकसंच जाहीर होण्याच्या ऐन तोंडावर संगणकवाले एका विद्यापीठात आणि डॉक्टर दुसऱ्या विद्यापीठात अशी वाटणी झाली. २६ जून २००० रोजी जनुकसंचाच्या मसुद्याची घोषणा झाली, एप्रिल २००३ मध्ये तेरा वर्षांचा प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तीनशे कोटी अक्षरं उघड्यावर होती. ती रुग्णाशेजारी बसून वाचणारं कुणी तयार होत नव्हतं.

२०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसला नवा क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात जैवरसायनात जनुकीय निदानाची तंत्रं आली, सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये संगणक कौशल्यंही आली, पुढे ऐच्छिक विषयांना वेळही मिळाला. दार उघडलं आहे. पण संगणक कौशल्य म्हणजे स्लाइड बनवणं आणि एक्सेल भरणं इतकंच धरलं तर काय होतं, ते पुढे सांगतो.

डोंबिवलीतला ओमिक्रॉन

'हे सगळं संशोधकांसाठी, आपल्या डोंबिवलीच्या दवाखान्यात याचं काय?' असं कुणी म्हणेल. तर तारीख सांगतो. ४ डिसेंबर २०२१. महाराष्ट्रातला पहिला ओमिक्रॉन रुग्ण नोंदला गेला तो कल्याण-डोंबिवलीत, दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक प्रवासी. जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबरला या अवताराला नाव दिलं होतं. म्हणजे बारशाला आठ दिवस होतात तोच पाहुणा आपल्या दारात.

त्या दिवसापासून 'जीनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज यायला लागला. करोना विषाणूची अक्षरं साधारण तीस हजार. ती वाचून कुठल्या वंशावळीतला विषाणू ते ठरवायचं, हे काम शेवटी संगणकाचं. पण त्याआधी एक सोपी खूण होती. आरटीपीसीआरची काही किट विषाणूच्या तीन जागा तपासत. ओमिक्रॉनच्या पहिल्या लाटेतल्या मुख्य प्रकारात त्यातल्या एका जागेची सहा अक्षरं गळालेली होती, त्यामुळे दोन जागा सापडायच्या आणि एक सापडायची नाही. ज्याला कारण माहीत नाही तो म्हणणार, किट खराब आहे. ज्याला माहीत आहे तो म्हणणार, नमुना सिक्वेन्सिंगला पाठवा.

इथे परळची आठवण येते. गुठळी व्हायला नको तिथे झाली, जुळायला हवं तिथे जुळलं नाही. भेंडे आणि मंडळींनी 'परत तपासा, काहीतरी चुकलं असेल' एवढ्यावर ते सोडून दिलं असतं तर? विदा आपल्या अपेक्षेला नाही म्हणतो तेव्हा थांबायचं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

दोन तासांत काय शिकवावं

माझी मावसबहीण एमबीबीएसला आहे. गेल्या वर्षी तिने विचारलं, "दादा, आम्हा पाच जणींना दोन तास दे. कोडिंग नको, पण रिपोर्ट वाचता आला पाहिजे." रविवारी आमच्या हॉलमध्ये वर्ग भरला, आईने पोहे केले.

मी कोडिंग काढलंच नाही. एफयूटी-१चा क्रम जेनबँकेतून उतरवून घेतला आणि ७२५वं अक्षर मोजायला लावलं. भागाकार त्यांनीच केला. ल्युसीनचं आर्जिनीन होतं हे त्यांचं त्यांना सापडलं, आणि मग ब्लास्ट, डेटाबेस वगैरे शब्दांची भीती अर्धी कमी झाली. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "पण हा बदल वाईट आहे हे कॉम्प्युटरला कसं कळलं?"

मला वाटतं की अख्ख्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे. कॉम्प्युटरला कळलेलं नसतं. कुणीतरी ते बदललेलं जनुक पेशीत घालून एन्झाइम काम करतं का ते पाहिलं, कुणीतरी कुटुंबांची रक्तं तपासली, कुणीतरी ते लिहून ठेवलं. संगणक फक्त ते लिहिलेलं शोधून देतो, नाहीतर अंदाज बांधतो. अंदाज आणि पुरावा यांत फरक करणं हेच डॉक्टरचं काम. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी जनुकीय बदलांसाठी पाच पायऱ्या ठरवल्या: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधली पायरी सगळ्यात महत्त्वाची. 'अर्थ अनिश्चित' असं लिहिलेला रिपोर्ट घेऊन घाबरलेली बाई समोर बसली असेल, तर तिला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे शिकवलंच पाहिजे.

दुसरा धडा: तुलना कुणाशी? २०१६ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या रोगाचं कारण म्हणून नोंदलेले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये इतके सर्रास होते की ते रोगाचं कारण असूच शकत नव्हते. मूळ अभ्यासांत तुलनेला कृष्णवर्णीय माणसं पुरेशी घेतलीच नव्हती. त्यापायी काही कुटुंबांना नसलेल्या रोगाचं निदान मिळालं होतं. हेच आपल्याबाबतीत होऊ शकतं. म्हणून जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो विदा संशोधकांना खुला झाला, हे महत्त्वाचं. खानोलकर-सांघवींनी १९४९ मध्ये सहा समाजगटांत जे हाताने मोजलं, त्याच वाटेवरचं हे पुढचं पाऊल.

तिसरा: कुठलं व्हर्जन? मानवी जनुकसंचाचा संदर्भ नकाशाही सॉफ्टवेअरसारखा आवृत्त्यांमध्ये येतो. ३७वी आवृत्ती २००९ची, ३८वी २०१३ची. एकाच बदलाचा पत्ता दोन्हींत वेगळा असतो. रिपोर्टवर आवृत्ती लिहिलेली नसेल तर तो पत्ता म्हणजे पिनकोड नसलेलं पत्र.

आणि चौथा, मघाशी राहिलेला, एक्सेल. 'सेप्ट-२' नावाचं एक जनुक होतं. एक्सेलमध्ये टाइप केलं की त्याची तारीख व्हायची, २ सप्टेंबर! २०१६ मध्ये शोधनिबंधांना जोडलेल्या फाइली तपासल्या, तर जनुकांच्या एक्सेल याद्या असलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात असे घोटाळे सापडले. शेवटी २०२०च्या सुमारास नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, 'सेप्टिन-२' वगैरे. सॉफ्टवेअर सुधारेना म्हणून माणसाच्या जनुकाचं नाव बदललं. पाचही जणी हसल्या, पण त्यांच्यातली एक म्हणाली, "आमच्या वॉर्डचं सगळं रजिस्टर एक्सेलमध्येच आहे रे दादा." मग कुणी हसलं नाही.

नववा पर्याय

त्या दोन तासांतून माझं मत पक्कं झालं. डॉक्टरांना पायथन शिकवा असा आग्रह मी धरणार नाही. ज्याला आवडेल तो शिकेल. पण प्रत्येक डॉक्टरला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. या तपासणीने काय शोधलं आणि काय शोधलंच नाही? तुलना कुणाशी केली? हा अंदाज आहे की पुरावा? आणि यादीत नसलेलं उत्तर आलं तर ते नोंदायला जागा आहे का?

चौथा प्रश्न आमच्या धंद्याला जास्त लागू आहे. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहिणारा माझ्यासारखाच कुणीतरी ठाण्याला नाहीतर ऐरोलीला बसलेला असतो. त्याने आठ पर्यायांचा ड्रॉपडाउन बनवला की बॉम्बे गटाच्या रुग्णाची नोंद करणारी नर्स काय करणार? जवळचा पर्याय निवडणार, ओ. आणि त्याच्या कपाळावर कायमचा चुकीचा शिक्का. पुढच्या वेळी तो बेशुद्धावस्थेत आला तर स्क्रीनवर ओ दिसणार. रक्त जुळवून पाहण्याची शेवटची तपासणी त्याला वाचवेल, ती केली तर. रात्री दोन वाजता, रक्तस्राव चालू असताना, 'ओ आहे ना, द्या पटकन' असं म्हणण्याचा मोह किती असेल कल्पना करा.

तो ड्रॉपडाउन बनवणाऱ्याला कुणी सांगायला हवं होतं? ज्याने बॉम्बे गट शिकलेला आहे आणि ज्याला ड्रॉपडाउन म्हणजे काय हेही कळतं, अशा डॉक्टरने. असा डॉक्टर तयार करायला दोन वर्षांची पदवी लागत नाही. काही रविवार, एक जनुक आणि मोजायला लावणारं कुणीतरी एवढं पुरतं. ठाणे-कळव्यापासून नाशिकपर्यंत कॉलेजं आहेत, मुलं हुशार आहेत, विदा फुकट उपलब्ध आहे आणि उदाहरण तर घरचंच आहे.

आणि हो, हे वाचणारं कुणी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहीत असेल, तर सोमवारी ऑफिसला गेल्यावर ती यादी एकदा उघडून बघा.